ऊस भरला की ट्रॉली बसते आणि टायर घासतं: पाटे वाढवायच्या आधी काय काय बघायचं

सीझन चालू झाला की हा प्रश्न ठरलेला असतो. मोकळी ट्रॉली एकदम झकास चालते, पण ऊस भरून पाणंदीतून डांबरीला आली की मागचं एक टायर हौद्याला घासायला लागतं, रबर जळल्याचा वास येतो, वळणावर कर्रर्र आवाज येतो आणि कारखान्यावर पोचेपर्यंत टायरचा एक थर गेलेला असतो. मग गॅरेजला गेलं की उत्तर पण ठरलेलं, दोन पाटे (एक्सलवरच्या कमानीतल्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) वाढवा. पाटे वाढवतात, चार-पाच खेपा बरं चालतं आणि मग एक तर तोच नवा पाटा तुटतो नाहीतर परत घासायला लागतं, कारण मूळ भानगड पाट्यात नव्हतीच.

माझं म्हणणं एवढंच आहे की पाटे वाढवणं हे शेवटचं काम आहे, पहिलं नाही. आधी घासल्याची खूण नीट बघा, मग टेप लावा, मग हवा आणि वजन तपासा, आणि एवढं सगळं करून पाट्यावरच बोट आलं तरच पाट्याला हात घाला. हे मी चारचाकी ऊस ट्रॉली डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, म्हणजे पुढे टर्नटेबल (पुढची चाकं वळवणारी गोल फिरती रिंग) आणि मागे फिक्स एक्सल असलेली, जी कोल्हापूर-सांगलीपासून सोलापूर-नगरपर्यंत एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन जोडून पळवतात. दोनचाकीला जिथं वेगळं आहे तिथं तसं सांगतो.

रस्त्यातच घासायला लागलं तर

हे आधी सांगतो कारण यात माणसाचा जीव जाऊ शकतो. वास आला किंवा आवाज आला की "कारखाना पाच किलोमीटरवर तर आहे" म्हणून रेटू नका. घासणारं टायर आतून तापत जातं, बाजूची भिंत पातळ होत जाते आणि भरल्या गाडीचं टायर फुटलं की ट्रॉली त्या बाजूला बसते, आणि वरचा उंच ऊस खाली बसलेल्या बाजूलाच जातो, मग पलटी. गाडी शक्य तेवढ्या सपाट आणि कडक जागेवर घ्या, मागे रिफ्लेक्टर, लाइट, काय असेल ते दिसेल असं लावा (रात्री उभ्या ट्रॉलीला मागून धडकून मोटरसायकलवाली पोरं जातात, दर सीझनला ऐकतो आपण, तेव्हा हे टाळू नका), चाकांना दगड लावा आणि मगच वाकून बघा.

हवा कमी असेल तर भरून घ्या. हवा बरोबर असेल तर वजन कमी करणं एवढा एकच खरा उपाय रस्त्यावर असतो, घासणाऱ्या बाजूच्या वरच्या मोळ्या काढा, दुसऱ्या ट्रॉलीत जागा असेल तर तिकडे टाका, नसेल तर कडेला उतरवून ठेवा आणि परत येऊन न्या. ऊस चार तास रस्त्याकडेला राहिला तर फार काही बिघडत नाही.

दोन गोष्टी मात्र लोक करतात आणि त्या करू नयेत. एक म्हणजे टायर आणि हौद्यात गॅप मिळावा म्हणून हवा सोडणे. हवा सोडली की टायर खाली बसतं खरं, पण हौदा पण त्याच्याबरोबर खाली येतो, टायरचा वरचा भाग आणि हौदा यातला गॅप तेवढाच राहतो. उलट टायर बाजूला फुगतं, आणखी घासतं आणि आणखी तापतं. दुसरं म्हणजे एक्सल आणि चेसीच्या मध्ये लाकडाचा ठोकळा ठोकून तसंच कारखान्यापर्यंत जाणे. ठोकळा ठोकला की स्प्रिंग उरतच नाही, प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट एक्सलला आणि चेसीच्या चॅनेलला बसतो. रस्त्यातून बाजूला घ्यायला शंभर पावलं चालेल, त्याच्या पुढे नाही. आणि ठोकळा ठोकायला भरल्या ट्रॉलीखाली नुसत्या जॅकवर कुणी शिरू नका, जॅक घसरला तर आवाज द्यायला पण वेळ मिळत नाही.

घासल्याची खूण काय सांगते

गाडी मोकळी झाली की चाक काढा, टायर आणि हौदा दोन्हीकडची माती धुवून घ्या आणि उजेडात बघा. टायर कुठं घासलं यावरच अर्धं काम होतं.

टायरच्या माथ्यावर, म्हणजे नक्षीवर, रुंद पट्टा गुळगुळीत झालाय आणि वर हौद्याच्या पत्र्याला काळं रबर लागलंय, तर चाक सरळ वर गेलंय. म्हणजे पाटे बसलेत, तुटलेत, वजन जास्त आहे किंवा टायरच मोठं बसवलंय, या चारपैकी एक.

टायरची आतली भिंत घासलीय आणि चेसीच्या चॅनेलवर किंवा पाट्याच्या टोकावर चकाकी आलीय, तर चाक आत सरकलंय किंवा वरून आत झुकलंय. इथं पाटे कितीही वाढवा, काही फरक पडणार नाही. इथं एक्सल वाकलेला असतो, सेंटर बोल्ट (पाट्यांची जुडी मधोमध धरणारा) तुटून एक्सल सरकलेला असतो, बेअरिंग ढिलं असतं नाहीतर चाकाची डिस्क (रिम हबला जोडणारी मधली थाळी) उलटी बसवलेली असते.

टायरभोवती गोल एकच बारीक खोल चर पडलीय, जशी काय कुणी दोरा धरून कापलीय, तर ते कुठल्या तरी बोल्टचं डोकं आहे. हौद्याच्या फळीचा खाली आलेला बोल्ट, यू बोल्टचा (पाटे एक्सलला आवळणारा) जास्त लांब राहिलेला आटा, साखळी अडकवायचा हूक असलं काहीतरी. त्याच्यासमोरची जागा चाचपून बघा, सापडतं. ते ग्राइंडरने कापलं नाहीतर उलटं बसवलं की काम झालं, आणि अशा ट्रॉलीला पाटे वाढवून आलेली माणसं आहेत म्हणून सांगतोय.

आणि पुढच्या चाकाला फक्त वळणावर घासत असेल तर टर्नटेबल बघा. त्याच्या गोळ्या, रिंग आणि मधली पिन झिजली की वळताना पुढचा सांगाडा एका बाजूला कलतो आणि एका बाजूचं चाक हौद्याला भिडतं. सरळ रस्त्यावर काहीच होत नाही त्यामुळे लोकांच्या लक्षात येत नाही.

टेप लावा, डोळ्यावर विश्वास ठेवू नका

सपाट जागेवर, शक्यतो सिमेंटवर, मोकळी ट्रॉली उभी करा. प्रत्येक चाकाशी दोन मापं घ्या: एक्सलच्या वरच्या कडेपासून चेसीच्या खालच्या कडेपर्यंत आणि टायरच्या माथ्यापासून हौद्याच्या तळापर्यंत. दोन्ही आकडे खडूने तिथंच चेसीवर लिहून ठेवा. मग पुढच्या खेपेला भरल्यावर, पाणंदीत नाही तर डांबरीवर आल्यावर, तीच मापं परत घ्या. पाच मिनिटांचं काम आहे पण याच्याशिवाय बाकी सगळा अंदाजपंचे कारभार.

आता वाचायचं कसं. मोकळी असतानाच ट्रॉली खाली दिसतेय, पाट्याची कमान जवळपास सपाट झालीय, तर पाटे कायमचे बसलेत. मोकळी छान उंच आहे पण भरल्यावर एकदम खाली जाते, तर पाटे ठीक आहेत, त्यांच्या ताकदीपेक्षा वजन जास्त पडतंय. मोकळी असताना दोन्ही बाजू सारख्या आणि भरल्यावर एकच बाजू खाली, तर आधी भरणी बघा, मग त्या बाजूचा पाटा तुटलाय का बघा. मोकळी असतानाच एक बाजू खाली असेल तर तुटलेला पाटा जवळपास नक्की.

भरलेल्या गाडीत टायर आणि हौदा यात निदान तीन इंच राहायला पाहिजे असं मी धरतो. उभ्या गाडीत बोटभर गॅप दिसतोय म्हणून खूश होऊ नका, खड्ड्यात चाक आपटलं की पाटा अजून दोन-तीन इंच सहज दबतो आणि घासतं ते तेव्हाच.

याच वेळी एक्सल सरळ आहे का ते पण बघून टाका. पुढच्या बाजूला मधोमध एक पॉइंट पकडा, मागच्या फिक्स एक्सलसाठी चेसीच्या पुढच्या क्रॉस चॅनेलचा मध्य धरला तरी चालतो, आणि तिथून एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप ताणा. दोन्ही आकडे सारखे यायला पाहिजेत. अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर एक्सल तिरका बसलाय, ट्रॉली कुत्रं चालतं तशी तिरकी चालणार आणि टायर एका कडेने खाणार.

हवा, टायर, डिस्क

हवा थंड टायरमध्ये बघायची, म्हणजे सकाळी निघायच्या आधी. खेप मारून आल्यावर तापलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेलाच दिसतो आणि माणूस समाधानात राहतो. किती भरायची ते टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं, किती वजनाला किती हवा ते, आणि ते वाचायला चष्मा लावावा लागला तरी लावा. "दांडक्याने वाजवून बघितलं, टणक आहे" हे माप नाही. साधा गेज घेऊन ठेवा, एका टायरच्या किमतीपुढे तो काहीच नाही.

टायरचा साइज हे दुसरं मोठं कारण. ट्रॉली बनवताना समजा ९.००-१६ टायरवर मापं काढलेली असतात, मग सेकंडहँड ट्रकचं ९.००-२० टायर डिस्कसकट स्वस्तात मिळतं म्हणून बसवतात. रिम चार इंचाने मोठी झाली म्हणजे टायरचा माथा एक्सलच्या मानाने साधारण दोन इंच वर गेला, आणि टायर आणि हौदा यातला दोन इंच गॅप तिथंच संपला. ट्रॉली उंच दिसते म्हणून वाटतं की आता जास्त जागा झाली, पण होतं उलटं. रबर चढवलेलं टायर पण मूळ टायरपेक्षा थोडं मोठं असू शकतं, तेव्हा एका एक्सलवर एक नवं आणि एक रबर चढवलेलं असं बसवू नका.

डबल टायर असेल तर दोन टायरमधला गॅप बघा, भरल्यावर. खालच्या बाजूला, जिथं टायर जमिनीला टेकून फुगतं तिथं, दोन्ही एकमेकाला लागता कामा नयेत. लागत असतील तर हवा कमी आहे, साइज जुळत नाही किंवा मधली रिंग चुकीची आहे.

डिस्क उलटी बसवली की चाक आत किंवा बाहेर जातं, हे पंक्चरवाल्याकडे घाईत होतं. चारही चाकं मागून उभं राहून एकदा नजरेनं बघा, एक चाक आत गेलेलं लगेच कळतं.

घासलेलं टायर परत वापरायचं का? माथ्यावर घासलं असेल आणि नक्षी शिल्लक असेल तर चालतं. पण बाजूच्या भिंतीवर घासून आतला दोरा दिसायला लागला असेल तर ते टायर संपलं, आतून गेटर (टायरचा जाड तुकडा) टाकून भरल्या ट्रॉलीला ते चालवू नका.

वजन आणि भरणी

इथं सगळे गप्प बसतात पण बोलायलाच पाहिजे. टनावर पैसे मिळतात, तोडणी टोळीला लवकर मोकळं व्हायचं असतं, एका खेपेत जेवढं जास्त जाईल तेवढं डिझेल वाचतं, हे सगळं कळतं. पण ट्रॉलीच्या आरसीवर लिहिलेलं वजन आणि काट्यावरची पावती शेजारी-शेजारी ठेवून बघा एकदा. पाटे, एक्सल, बेअरिंग, टायर, हूक, सगळं त्या आरसीच्या वजनाला धरून असतं, त्यातला फक्त पाटा कडक केला तर बाकीच्यांची ताकद वाढत नाही. टायर घासणं ही ट्रॉलीनं दिलेली पहिली सूचना असते, पाटे कडक करून ती सूचना बंद केली की पुढची सूचना थेट एक्सल तुटून मिळते. कायद्याचं पण बघा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे, आणि जादा माल उतरवायचा खर्च वेगळा. एका दंडात किती खेपांची कमाई जाते त्याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

वजन तेवढंच ठेवून पण बराच फरक पडतो तो भरणीने. मोळीचा बुडखा जड असतो आणि शेंड्याकडं हलकं असतं. सगळ्या मोळ्यांचे बुडखे मागेच आले तर मागच्या एक्सलवर जास्त वजन जातं आणि मागचीच टायरं घासतात. थर आलटून पालटून, एक थर बुडखे पुढे, एक थर बुडखे मागे, असं लावून घ्या, टोळीतल्या लोकांना सुरुवातीलाच सांगितलं की ते करतात. मागे फाळक्याच्या बाहेर लोंबणारा ऊस तर मागच्या एक्सलवर स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार टाकतो, कारण तो एक्सलच्या पलीकडे असतो आणि पुढचा भाग उचलतो. दोनचाकीला हे अजून वाईट, मागे जास्त भरली की हूक वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात, मग घाटात ना ब्रेक धरतो ना स्टेअरिंग.

एकदा धर्मकाट्यावर जाऊन एक्सलप्रमाणे वजन करून घ्या. आधी फक्त ट्रॉलीचा पुढचा एक्सल काट्यावर, मग फक्त मागचा. कारखान्याच्या काट्यावर रांगेत हे जमत नाही, बाहेरच्या काट्यावर दुपारच्या वेळी जमतं. समजा पुढे सहा टन आणि मागे नऊ टन आलं, तर पाट्याचा विषयच नाही, भरणीचा आहे.

रस्त्याचा उतार पण लक्षात ठेवा. पाणंदीत एक चाक चाकोरीत आणि एक बांधाच्या कडेवर असताना त्या खालच्या चाकावर निम्म्यापेक्षा बरंच जास्त वजन येतं. घासत असेल ते फक्त तिथंच घासत असेल, तर दोन पाट्यांपेक्षा दोन ट्रॉली मुरूम स्वस्त पडतो.

आता पाटे

इथपर्यंत सगळं तपासून झालं आणि पाटेच दोषी निघाले तर पुढचं वाचा.

चेसीला घोड्या (टेकू द्यायचे स्टँड) लावा, एक्सल मोकळा लटकू द्या, चाकं काढा आणि पाटे धुवा. तुटलेला पाटा सहज दिसत नाही. तो बहुतेक वेळा मधल्या सेंटर बोल्टच्या भोकाशी नाहीतर यू बोल्टच्या कडेला तुटतो, आणि तिथं माती आणि ग्रीसचा लगदा बसलेला असतो. तारेच्या ब्रशने घासा, गंजाची तिरकी रेष दिसली की तीच चीर. पाट्याची टोकं बघा, एखादा पाटा इतरांच्या मानाने एका बाजूला सरकलेला दिसला तर तो आत तुटलाय किंवा सेंटर बोल्ट गेलाय. क्लिपा जागेवर आहेत का बघा, क्लिप तुटली की उलट्या दणक्याला पाटे उघडे पडतात आणि सगळा मार मेन पाट्यावर येतो. ज्या ट्रॉलीत पाट्याचं एक टोक नुसतं पॅडवर सरकतं तिथं पॅड झिजून खाच पडलेली असते, अर्धा इंच खाच म्हणजे त्या टोकाला तेवढी उंची गेली, आणि पाटा खाचेत अडकून वाजतो तो वेगळाच. दुसऱ्या टोकाची पिन, बुश आणि शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी झुलती कडी) हलवून बघा. बुशची झीज दिसायला छोटी पण चाक आत-बाहेर करायला पुरेशी असते.

पाटा वाढवण्याचं गणित लोकांना वाटतं तसं नाही. समजा नऊ पाटे आहेत आणि त्याच जाडीचा दहावा टाकला, तर कमान ढोबळमानाने ११ टक्के कडक होते. भरल्यावर चार इंच दबत होती ती आता साडेतीन-पावणेचार इंच दबेल. अर्ध्या इंचापेक्षा कमीच पडतं हातात. मग म्हणतात जाड पाटा टाका. जाडीचा परिणाम मात्र जबरदस्त असतो, कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो, १० मिलीमीटरच्या जागी १२ मिलीमीटरचा पाटा घेतला तर तो एकटा पावणेदोन पट कडक होतो. पण पातळ पाट्यांच्या जुडीत एकच जाड पाटा घातला की सगळे सारखेच वाकतात आणि जाड पाट्यावर ताण जास्त येतो, म्हणून तोच आधी तुटतो. तसंच जुन्या सपाट झालेल्या जुडीत एक नवा कमानदार पाटा घातला तर सुरुवातीचं सगळं वजन तो एकटाच घेतो आणि तोही जातो. "नवा पाटा टाकला आणि पंधरा दिवसात तुटला, माल खराब होता" असं म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा माल चांगलाच असतो.

त्यामुळे माझं मत, एखादाच पाटा तुटला असेल आणि बाकीची कमान शाबूत असेल तर त्याच जाडीचा, त्याच रुंदीचा, त्याच वाकाचा पाटा टाका. सगळेच बसले असतील तर पूर्ण सेट बदला आणि दोन्ही बाजूचा बदला. एकाच बाजूचा नवा केला की ट्रॉली जुन्या बाजूला कलती चालते.

कमान परत काढून घेणे हा स्वस्त पर्याय आहे, आणि तो कसा करतात त्यावर सगळं अवलंबून आहे. नुसता थंड पाटा ऐरणीवर हातोड्याने ठोकून वाक दिला तर दिसायला छान दिसतो, पण दमलेलं पोलाद थोड्या खेपात परत सपाट होतं. नीट करायचं तर पाटा भट्टीत साधारण साडेआठशे डिग्रीला लाल करून वाक द्यायचा, तेलात विझवायचा आणि मग परत साडेचारशे-पाचशे डिग्रीला तापवून पाणी उतरवायचं, म्हणजे पोलादाचा ठिसूळपणा घालवायचा. शेवटची पायरी गाळली तर पाटा काचेसारखा तडकतो, तेलात न विझवता हवेतच थंड केला तर मऊ राहतो. कमानवाल्याला सरळ विचारा की तेलात विझवता का आणि नंतर परत तापवता का. चांगला कारागीर असेल तर खुशीने दाखवतो.

पाट्यावर वेल्डिंग करायचं नाही. पाट्याला गॅस लावायचा नाही. शेजारी चेसीला वेल्डिंग चालू असेल तर पाट्यावर ओलं पोतं टाकून ठिणग्या अडवा, आणि अर्थिंगचा चिमटा पाट्याला किंवा हबला न लावता वेल्डिंगच्या जवळ चेसीलाच लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन त्याच्या गोळ्यांवर डाग पडतात.

बसवताना यू बोल्ट नवे घ्या, जुने ताणलेले असतात. पाटा वाढवला असेल तर लांब यू बोल्ट लागतील, नट पूर्ण चढून वर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. चारही नट थोडे थोडे, आळीपाळीने समोरासमोरचे आवळा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिली भरलेली खेप झाली की परत आवळा, मग आठवड्याने अजून एकदा. पाटे एकमेकात बसले की बोल्ट आपोआप ढिले होतात. ढिल्या यू बोल्टमुळे सेंटर बोल्टवर जोर येतो, तो तुटतो, एक्सल सरकतो आणि टायर घासायला लागतं. म्हणजे एका पान्याचं काम केलं नाही म्हणून सगळं परत पहिल्यापासून.

एक्सल वाकला असेल तर

भरलेल्या ट्रॉलीत एकाच एक्सलच्या दोन टायरमधलं अंतर वर आणि खाली मोजा, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत, जिथं टेप जाईल तिथं. वरचं अंतर खालच्यापेक्षा बरंच कमी आलं तर चाकं वरून आत झुकलीत. चाकं टोकाला आणि वजन पाट्याच्या जागी आत पडतं, त्यामुळे एक्सल मधे खाली दबतो आणि टोकं वर उचलतात. थोडं झुकणं चालतं, पण मोकळी झाल्यावर पण तसंच राहिलं तर एक्सल कायमचा वाकलाय. त्याआधी बेअरिंग बघून घ्या, मोकळ्या ट्रॉलीचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा, खडखड लागली तर आधी बेअरिंग आवळा किंवा बदला आणि परत मोजा.

वाकलेला एक्सल गॅसने तापवून सरळ करून देतात. नका करून घेऊ, तापवलेल्या जागीच तो परत वाकतो. नवा बार टाकायचा तर एक साइज वरचा टाका, चौकोनी बार ७५ चा ८० मिलीमीटर केला तरी वाकायला वीस टक्क्यांच्या वर जास्त ताकद घेतो. हब आणि बेअरिंग पण त्या मापाचे लागतात हे आधी विचारून घ्या.

पॅकिंग आणि स्टॉपर

कधी कधी पाटे चांगले, एक्सल सरळ, वजन बरोबर, फक्त ट्रॉली बनवतानाच गॅप कमी ठेवलेला असतो. तेव्हा पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये लोखंडी पॅकिंग टाकून उचलता येतं. पॅकिंग एकसंध पाहिजे, पाट्याच्या रुंदीचं, सेंटर बोल्टच्या डोक्याला बसेल असं भोक असलेलं, आणि दोन्ही बाजूला सारखं. लाकूड नको, पट्ट्यांवर पट्ट्या नको. दीड-दोन इंचाच्या वर जाऊ नका, कारण ऊस आधीच उंच असतो, ट्रॉली अजून उचलली की कडेला झुकली तर सावरायची नाही.

रबराचा स्टॉपर मला फार आवडतो आणि आपल्या ट्रॉल्यांना तो बहुतेक नसतोच. ट्रकला एक्सलच्या वर चेसीला असतो तसा. तो अशा उंचीचा लावायचा की खड्ड्यात एक्सल वर आला की टायर हौद्याला लागायच्या आधी एक्सल स्टॉपरला लागेल. टायरवर चार इंच गॅप असेल तर स्टॉपरवर तीन इंच ठेवा. भरून उभी असताना ट्रॉली स्टॉपरवरच टेकलेली असेल तर मात्र वजन जास्त आहे किंवा पाटे गेलेत, परत वरचं सगळं बघा.

हौद्याचा पत्रा कापून टायरला जागा करणे मात्र नको. खाली आडवे चॅनेल असतात, ते कापले की हौदा तिथून दुमडतो, आणि गॅप मिळाला म्हणून माणूस अजून दोन मोळ्या वर टाकतो.

हे सगळं काम पावसाळ्यात करून घ्या, ट्रॉली तेव्हा रिकामीच असते आणि कमानवाल्याकडे गर्दी नसते. खंडेनवमीला ट्रॉलीची पूजा करायच्या आधी पाटे उघडून, घासून, मध्ये ग्राफाइट ग्रीस लावून बसवलेले असावेत (जळकं ऑइल फासू नका, त्याला धूळ चिकटून पाटे अजून घासतात), पिनांना ग्रीस, बेअरिंगला नवीन ग्रीस, आणि चेसीवर खडूऐवजी ऑइलपेंटने मोकळ्या ट्रॉलीची मापं लिहिलेली. सीझनमध्ये दर आठवड्याला पिनांना ग्रीस मारताना तेवढा टेप लावून बघायचा, एखाद्या चाकाचा आकडा अर्ध्या इंचाने कमी झाला की त्या बाजूचे पाटे त्याच दिवशी धुवून बघायचे.